स्वमग्न विद्यार्थी आणि खेळातून संवादशिक्षण

मधल्या सुट्टीची घंटा होताच मुले मैदानाकडे धाव घेतात. अशा वेळी भिंतीच्या कडेने एकटाच येरझारा घालणारा, कुंपणाच्या तारा बोटाने मोजीत जाणारा किंवा नळाच्या धारेखाली हात धरून उभा राहणारा एखादा विद्यार्थी अनेक शाळांतून दिसतो. त्याचे पाढे तोंडपाठ असतात. वर्गाची हजेरी तो क्रमांकवार म्हणून दाखवितो. परंतु ‘मला खेळायला घ्या’ एवढे तीन शब्द काही त्याच्या तोंडून निघत नाहीत. कोणी हाक मारली तरी तो वळून पाहत नाही. घरची मंडळी ‘उशिरा सुधारेल’ म्हणून वाट पाहतात, शिक्षक ‘आपल्याच नादात असतो’ म्हणून सोडून देतात आणि सवंगडी तर त्याला बोलावण्याचेच विसरून गेलेले असतात. अशा मुलांपैकी सगळीच नव्हेत, परंतु काही मुले स्वमग्न असतात. त्यांना इतरांशी संवाद साधावयास कसे शिकवावे, हा प्रश्न आता केवळ शहरांतील विशेष शाळांचा राहिलेला नाही. तो गावातील प्राथमिक शाळेच्या दारात येऊन ठेपला आहे.

स्वमग्नता म्हणजे काय

बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांशी भावनिक संबंध जोडण्यात येणारी अडचण आणि नेहमीचा क्रम जसाच्या तसा राहावा हा आग्रह, या दोन गोष्टी त्यांनी या मुलांत प्रामुख्याने नोंदविल्या. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील हान्स आस्पर्गर यांनी, उत्तम बोलता येत असूनही समवयस्कांत मिसळू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. त्यानंतरची दोन दशके मात्र या मुलांच्या मातांना फार जड गेली. आईच्या मायेत ओलावा नसल्यामुळे मूल असे होते, असे मत त्या काळी प्रतिष्ठित झाले होते व ब्रुनो बेटेलहाइम यांच्यासारख्या लेखकांनी ते लोकांपर्यंत पोहोचविले. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या मताचे खंडन केले आणि मेंदूच्या घडणीकडे लक्ष वेधले. आज तज्ज्ञांत याविषयी दुमत नाही. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील भिन्नता असून तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईवडिलांच्या वागण्यामुळे ती उद्भवत नाही आणि लसीकरणाशी तिचा संबंध नाही, हे अनेक देशांतील मोठ्या पाहण्यांतून सिद्ध झालेले आहे. ग्रामीण भागात या दोन्ही समजुती अद्याप ऐकू येतात. म्हणून हे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. यावरून पाहता, शेदोनशे पटाच्या शाळेत असे एखादे मूल असणे ही नवलाची गोष्ट नव्हे.

‘स्वमग्न’ हा शब्द शासकीय व्यवहारात रूढ झाला असला तरी तो थोडा फसवा आहे. मूल स्वतःतच बुडालेले असते, असा त्यावरून ग्रह होतो. वस्तुतः पुष्कळ स्वमग्न मुलांना सोबत हवी असते. सोबत मागण्याची रीत त्यांना उमगलेली नसते, किंवा त्यांची स्वतःची रीत इतरांना ओळखू येत नाही. एखादे मूल दुसऱ्याच्या अगदी जवळ जाऊन आगगाडीच्या स्थानकांची नावे ओळीने म्हणते. ऐकणाऱ्याला ती निरर्थक बडबड वाटते. मुलाच्या बाजूने ते कदाचित मैत्रीचे आमंत्रण असते. इंग्लंडमधील डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक. ही अडचण दुहेरी आहे, दोन्ही बाजूंना एकमेकांचे मन कळत नाही, असे त्यांनी २०१२ मध्ये मांडले. शिक्षकाने हे ध्यानात ठेवले तर पुढील सर्व कामाची दिशाच बदलते.

कायद्याच्या दृष्टीने परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो झाला आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश देणे आणि इतर मुलांबरोबरच शिक्षण व खेळ यांची संधी देणे हे शाळेचे कर्तव्य आहे. अधिनियमात खेळाचा उल्लेख शिक्षणाच्या शेजारीच झालेला आहे, ही बाब सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. मुलाचे नाव हजेरीपटावर आले, प्रमाणपत्र मिळाले, परंतु मैदानावर ते भिंतीपाशीच उभे राहिले, तर कायद्याचा अर्धाच भाग अमलात आला असे म्हणावे लागेल.

खेळच का?

माणसामाणसांतील बोलणे हा पाहिल्यास मोठा अवघड व्यवहार आहे. कोणी कधी बोलावे, दुसऱ्याचे संपले हे कसे ओळखावे, नाराजी चेहऱ्यावरून कशी वाचावी, या सर्वांचे नियम आहेत. परंतु ते कोठेही लिहिलेले नाहीत. बहुतेक मुले ते नकळत उचलतात. स्वमग्न मुलाला ते नकळत उचलता येत नाहीत. उलट सांगितलेला, दिसणारा आणि रोज तसाच राहणारा नियम ते चटकन आत्मसात करते, इतकेच नव्हे तर इतरांपेक्षा काटेकोरपणे पाळते.

खेळ हा नेमका असा व्यवहार आहे. त्याला आरंभ असतो, शेवट असतो. पाळी कोणाची हे ठरलेले असते. काय म्हणावयाचे तेही ठरलेले असते. तेच प्रसंग एका डावात दहादहा वेळा येतात, त्यामुळे सराव आपोआप घडतो. संवादाच्या ज्या पायऱ्या एरव्ही हवेत विरून जातात, त्या खेळात हाताला लागतात. दोघांनी एकाच वस्तूकडे एकाच वेळी लक्ष देणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, मदत मागणे, नकार देणे आणि चुकल्यावर पुन्हा सुरुवात करणे, या त्या पायऱ्या होत. यांपैकी पहिली फार महत्त्वाची. वर्षा-सव्वावर्षाचे मूल चिमणी दिसली की बोट दाखवून आईकडे पाहते. त्याला चिमणी नको असते, ‘तूही पाहा’ एवढेच सांगावयाचे असते. स्वमग्न मुलांत हे दाखविण्यासाठीचे बोट बहुधा उशिरा येते. समोरासमोर बसून चेंडू घरंगळत देण्याचा साधा खेळ याच पायरीचा सराव होय.

खेळातून शिकविण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल लगॉफ यांचा आहे. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची रचना करण्याचे काम त्यांनी तिघांत वाटून दिले. एकाने आराखडा पाहून सांगावयाचे, दुसऱ्याने ठोकळे शोधून द्यावयाचे आणि तिसऱ्याने जोडावयाचे. थोड्या वेळाने कामे बदलावयाची. यातील मर्म असे की, एकमेकांशी बोलल्यावाचून घर उभेच राहत नाही. बोलण्याला कारण मिळते. ब्रिटनमधील शाळांतून पुढे या पद्धतीची मोठी चाचणी झाली, तेव्हा फायदा दिसला, परंतु तो माफक होता. हेही सांगितले पाहिजे. खेळ ही जादूची कांडी नव्हे आणि स्वमग्नता ‘बरी करणे’ हा त्याचा हेतूही नव्हे.

महागड्या ठोकळ्यांची वाट पाहण्याचे आपल्या शाळांना काही कारण नाही. लगोरीच्या सात ठिकऱ्या त्याच कामी येतात. चेंडू मारून पळण्याचा भाग आरंभी वगळावा. एकाने ठिकऱ्यांचा क्रम सांगावा, दुसऱ्याने मोठी-लहान पाहून हाती द्यावी, तिसऱ्याने रचावी. क्रम लावण्याची आवड पुष्कळ स्वमग्न मुलांना असतेच. येथे ती आवड दोन सवंगड्यांना बरोबर घेऊन येते.

लिंबू-टिंबू

आपल्या मुलांच्या खेळांत एक जुनी, मायेची सोय आहे. लहान भावंड खेळायचे म्हणून हट्ट धरते तेव्हा त्याला ‘लिंबू-टिंबू’ म्हणून घेतात. त्याने सर्वांबरोबर धावावे, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते बाद झाले तरी मोजले जात नाही. चार वर्षांच्या मुलासाठी ही सोय योग्यच आहे. तथापि दहा वर्षांच्या स्वमग्न मुलाला शिक्षकांच्या सांगण्यावरून वर्षभर लिंबू-टिंबू ठेवले जाते, तेव्हा त्याला खेळात घेतल्याचे समाधान इतरांना मिळते आणि त्या मुलाला काहीही मिळत नाही. त्याच्या पकडण्याने कोणी सावध होत नाही. त्याच्या सुटण्याने कोणी ओरडत नाही. त्याने काही केले काय किंवा न केले काय, डाव आपल्या गतीने चालू राहतो. ज्याच्या कृतीला उत्तर येत नाही, त्याने संवाद शिकावा तरी कसा?

म्हणून नियम असा असावा की खेळ सोपा करावा, परंतु त्या मुलावर राज्य आलेच पाहिजे. मैदान लहान करावे, गडी कमी करावेत, धावण्याऐवजी चालण्याचा नियम सर्वांनाच लावावा. सवलत एकट्याला दिली तर तो पुन्हा वेगळा पडतो. सर्वांना लावलेला बदल हा खेळाचाच नियम होऊन जातो.

काही खेळ आणि त्यांतील फेरफार

प्रत्येक खेळ प्रत्येक मुलाला मानवेल असे नाही. आंधळी कोशिंबीर हा सर्वांचा लाडका खेळ, पण डोळे बांधणे, अचानक होणारा स्पर्श आणि गलका या तिन्ही गोष्टी अनेक स्वमग्न मुलांना असह्य होतात. तो बाजूला ठेवलेलाच बरा. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळात लक्षपूर्वक ऐकण्याचा उत्तम सराव होतो. मात्र जो चुकतो तो बाद होतो, या रूढ नियमात एक विसंगती आहे. ज्याला सरावाची सर्वांत अधिक गरज, तोच पहिल्या मिनिटात बाहेर जाऊन बसतो. चुकणाऱ्याने बाद न होता एक पाऊल मागे जावे, एवढा बदल पुरेसा आहे. पुढच्या हुकमावर तो पुन्हा पुढे येऊ शकतो. काही दिवसांनी हुकूम सोडण्याचे काम त्या मुलाकडे द्यावे. आपल्या शब्दावर वीस मुले हात वर करतात, हा अनुभव एरव्ही कोणी त्याला देत नाही.

बैठ्या खेळांनी सुरुवात करणे सोयीचे पडते. साप-शिडी किंवा कवड्या-चिंचोक्यांचा पट यांत पाळी हीच सर्व गोष्ट असते. आरंभी मूल आणि शिक्षक असे दोघेच खेळतात, मग एक सवंगडी येतो, मग दुसरा. पाळी डोळ्यांना दिसावी म्हणून एखादी टोपी किंवा रंगीत रुमाल फिरता ठेवावा. ज्याच्या हाती रुमाल, त्याची पाळी. ‘थांब, थांब’ असे दहा वेळा सांगण्यापेक्षा हा रुमाल अधिक काम करतो. हार सहन न होणे ही येथील नेहमीची अडचण. हरल्यावर मूल पट उधळून देते. त्यावर रागावून उपयोग होत नाही. पट लहान करावा, म्हणजे पाच मिनिटांत डाव संपतो आणि हार-जीत दिवसातून चारदा येते. चारदा येणाऱ्या गोष्टीचे भय आपोआप कमी होते.

भातुकलीत आणखी वेगळा प्रश्न उभा राहतो. मातीचा भात खोटाखोटा वाढणे यात स्वमग्न मुलाला स्वारस्य वाटेलच असे नाही. ते कपबशा आकारमानाप्रमाणे ओळीत मांडील. अशा वेळी ओळ मोडून ‘चहा दे’ म्हणणे चूक ठरते. शिक्षकाने शेजारी बसून आपलीही एक ओळ मांडावी. थोड्या वेळाने एक कपबशी त्याच्या ओळीच्या टोकाला नेऊन ठेवावी आणि थांबावे. मुलाने ती ठेवून घेतली किंवा जागा बदलून लावली, तरी देवाणघेवाण सुरू झाली. येथे घाई करणारा शिक्षक सर्व घालवून बसतो.

‘मामाचं पत्र हरवलं’ यात पाठीमागे हळूच टाकलेला रुमाल ओळखावयाचा असतो. इतरांच्या चेहऱ्यांवरील चोरटे हसू वाचता आले तरच तो कळतो. हे हसू वाचणे स्वमग्न मुलाला कठीण असते. म्हणून त्याला प्रथम रुमाल टाकणाऱ्याची भूमिका द्यावी. कोणाच्या मागे टाकावयाचा हे गुपित आपल्याला ठाऊक आहे आणि समोरच्याला नाही, ही जाणीव त्या भूमिकेत मिळते. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी माहिती असू शकते, ही गोष्ट या मुलांना उमजावयास वेळ लागतो, असे सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये लंडनमध्ये केलेल्या प्रसिद्ध प्रयोगापासून अभ्यासक सांगत आले आहेत. सगळ्या स्वमग्न मुलांना तो निष्कर्ष सारखा लागू पडत नाही. तरीही गुपित राखण्याचा खेळ सर्वांनाच आवडतो.

या सर्वांत गुणकारी खेळ कोणता, असे विचारले तर विषामृताचे नाव घ्यावे लागेल. ज्याच्यावर राज्य आहे त्याने शिवले की गडी ‘विष’ होऊन जागच्या जागी थिजतो. दुसऱ्या गड्याने येऊन त्याला शिवले की ‘अमृत’ होऊन तो सुटतो. यात कोणी बाद होत नाही. थिजलेला गडीही खेळातच असतो, कारण त्याला सोडवावयाचे असते. त्याने करावयाचे ते एकच, मदत मागणे. बोलणाऱ्या मुलाने ‘अमृत’ म्हणावे. न बोलणाऱ्याने हात उंच करावा किंवा कमरेला अडकविलेले पिवळे फडके हलवावे. त्या एका शब्दाने किंवा खुणेने दुसरे मूल धावत येते, आणि आपण काही सांगितले म्हणजे कोणीतरी येते, हा संवादाचा मूळ धडा मैदानावर मिळतो. उलट बाजूही तितकीच मोलाची आहे. थिजलेल्या मित्राकडे लक्ष जाणे आणि त्याच्याकडे वळणे हे स्वमग्न मुलाला जमू लागले, की वर्गातील त्याचे स्थान बदलते. कालपर्यंत ज्याला सांभाळून घ्यावे लागत होते, त्याने आज कोणाला तरी सोडविलेले असते. स्पर्श नकोसा असेल तर हाताऐवजी रुमालाच्या टोकाने शिवण्याचा नियम सर्वांना लावावा.

बोलता न येणे हा या खेळांतील अडसर नव्हे. ‘माझी पाळी’, ‘पुन्हा’, ‘मदत’, ‘पुरे’ अशी चार चित्रे जाड पुठ्ठ्यावर काढून दोऱ्यात ओवली की शब्दकोश तयार होतो. चित्रे दिली तर मूल बोलावयाचेच नाही, ही भीती अनेक पालक व्यक्त करतात. आजवरच्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. काही मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणतात. ‘खेळतोस का?’ या प्रश्नाला ‘खेळतोस का?’ हेच उत्तर येते. यास थट्टा समजू नये. बहुधा तो होकारच असतो.

‘टाइम प्लीज’

मुलांच्या खेळातील आणखी एक जुनी रीत येथे उपयोगी पडते. धाप लागली, बूट सुटला, पाणी प्यावयाचे असले की मूल ‘टाइम प्लीज’ म्हणते आणि तेवढा वेळ त्याला कोणी शिवत नाही. हा करार सर्व मुले निमूटपणे पाळतात. स्वमग्न मुलाला गोंगाट, ऊन, धक्काबुक्की यांचा ताण इतरांपेक्षा लवकर येतो. तो सांगता आला नाही, की किंचाळणे, चावा घेणे किंवा मैदानाबाहेर पळून जाणे, असे प्रकार घडतात. यास्तव ‘टाइम प्लीज’ची खूण त्याला सर्वांत आधी शिकवावी, खेळ त्यानंतर. मूठ छातीशी धरण्याची खूणही चालेल. बसण्यासाठी सावलीतील एक ठरलेली जागा असावी आणि परत येण्याची वेळ त्याने ठरवावी. त्या खुणेचा मान एकदाही मोडता कामा नये. एकदा मोडला तर मूल ती पुन्हा वापरणार नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. ‘माझ्या डोळ्यांत बघून बोल’ असा आग्रह काही शिक्षक चांगल्या हेतूने धरतात. पुष्कळ स्वमग्न व्यक्तींनी मोठेपणी लिहून ठेवले आहे की नजरेला नजर देणे त्यांना क्लेशदायक होते आणि तसे करताना ऐकण्यावरचे लक्ष उडते. मूल चेंडूकडे पाहत राहिले आणि चेंडू योग्य त्या मित्राकडे गेला, तर त्यात उणे काही नाही. तसेच हात हलविणे, डोलणे या सवयी कोणाला इजा करीत नसतील तर खेळाच्या नावाखाली त्या मोडू नयेत. खेळायला मिळावे म्हणून डबा किंवा पाणी रोखून धरणे तर सर्वथा अयोग्य. ज्या खेळातून मुलाला बाहेर पडता येत नाही तो खेळ राहत नाही, ती कवायत होते.

शिकावयाचे कोणी?

आतापर्यंतचे विवेचन स्वमग्न मुलाने काय शिकावे याविषयी झाले. परंतु अमेरिकेतील कोनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे विचार करावयास लावतो. सर्वसाधारण शाळांत शिकणाऱ्या ६० स्वमग्न मुलांचा तो अभ्यास होता. काही मुलांना प्रौढ मार्गदर्शकाने स्वतंत्रपणे सामाजिक कौशल्ये शिकविली. काहींच्या बाबतीत त्या मुलाला न शिकविता त्याच्या वर्गातील सवंगड्यांना शिकविले : एकटे पडलेले मूल कसे ओळखावे, त्याला खेळात कसे घ्यावे. सवंगड्यांना शिकविल्याचा परिणाम अधिक चांगला दिसला. वर्गातील मित्रांच्या जाळ्यात स्वमग्न मुलाला अधिक स्थान मिळाले, मैदानावरील एकटेपणा कमी झाला, आणि सुमारे तीन महिन्यांनंतरही हा फरक टिकून होता.

आपल्याकडे शिकवणी नेहमी ज्याला ‘येत नाही’ त्याच्यासाठी लावली जाते. येथे ती वर्गासाठी लावावयाची आहे. त्यासाठी भाषण नको, तीन-चार समंजस मुलांना काही गोष्टी दाखवून दिल्या की पुरे. हाक मारल्यावर मनात दहा आकडे मोजून उत्तराची वाट पाहावी, कारण त्याला वेळ लागतो. ‘काय रे, येतोस का, काय झाले, चल ना’ असे एका दमात न विचारता एकच गोष्ट विचारावी. मागून येऊन ओढू नये. ‘उद्या बघू’ असे मोघम न सांगता ‘उद्या मधल्या सुट्टीत’ असे सांगावे आणि सांगितल्याप्रमाणे यावे. थट्टेचा अर्थ तो शब्दशः घेतो, हे लक्षात ठेवावे.

भिडू वाटण्याची पद्धत हाही नाजूक भाग आहे. दोन नायक आळीपाळीने भिडू निवडतात तेव्हा शेवटी कोण उरतो, हे साऱ्या वर्गाला ठाऊक असते. त्यापेक्षा जुनी जोडीची रीत बरी. दोघेदोघे बाजूला जाऊन गुपचूप नावे घेतात, ‘सूर्य हवा की चंद्र’ असे विचारतात, आणि नायक न जाणता निवड करतो. यात कोणीही उरत नाही. जोड्या मात्र शिक्षकाने आधी लावून द्याव्यात.

नियमांबाबत काटेकोर असलेले स्वमग्न मूल दुसऱ्याचा रडीचा डाव खपवून घेत नाही आणि त्यावरून भांडणे होतात. मग त्याला कायमचा पंच करून टाकण्याचा मोह शिक्षकांना होतो. आठवड्यातून एखादे वेळी ते ठीक आहे. रोजच शिट्टी घेऊन रेषेबाहेर उभे राहावयाचे असेल, तर भिंतीपाशी उभे राहण्यात आणि त्यात फारसा फरक उरत नाही.

शाळा, पंचायत आणि गाव

मूल स्वमग्न आहे की नाही हे ठरविणे शिक्षकाचे काम नाही. शंका आल्यास अंगणवाडी व शाळांतील तपासणीसाठी येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या ती निदर्शनास आणावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात वाढीतील विलंबाची तपासणी अंतर्भूत आहे. प्रमाणपत्रासाठी स्वमग्नतेच्या मोजमापाची भारतीय श्रेणी वापरली जाते. खेळ सुरू करण्यास मात्र प्रमाणपत्राची वाट पाहण्याची गरज नाही. वर वर्णिलेले फेरफार लाजऱ्या, नव्याने गावात आलेल्या किंवा ऊसतोडणीहून परतलेल्या मुलालाही तितकेच उपयोगी पडतात. समावेशित शिक्षणाखाली तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे असलेले विशेष शिक्षक शाळेस भेट देतात, त्या वेळी त्यांच्याकडून केवळ नोंदी न घेता मैदानावर अर्धा तास घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात विद्यार्थ्यांमागे असावयाच्या विशेष शिक्षकांच्या प्रमाणाविषयी निर्देश दिले आहेत, हे अधिकाऱ्यांनी नियोजनात लक्षात घ्यावयाचे आहे.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो वर्षअखेर घाईने वाटला जातो. मैदानाला कुंपण, एका कोपऱ्यात सावलीचे झाड किंवा छप्पर आणि त्याखाली एक बाक, एवढ्या गोष्टी अशा मुलाच्या दृष्टीने फार मोठ्या आहेत. धोक्याची जाणीव नसल्यामुळे काही मुले रस्त्याकडे वा विहिरीकडे निघून जातात. पालक मुलाला घराबाहेर न सोडण्याचे ते प्रमुख कारण असते. यात्रेच्या वा उत्सवाच्या काळात ध्वनिवर्धक शाळेच्या अंगावर येणार नाही, इतकी काळजी पंचायतीला विनाखर्च घेता येते.

उन्हाळ्याची सुट्टी हा या मुलांचा खडतर काळ. शाळेचा क्रम सुटतो आणि मिळविलेले हातचे जाते. ज्या तीन-चार मुलांशी गट्टी जमली असेल त्यांनी देवळाच्या ओट्यावर ठरावीक वेळी पट मांडावा, अशी व्यवस्था पालकांशी बोलून करता येते. जूनमध्ये वर्ग बदलतो, शिक्षकही बदलतात. नव्या वर्गशिक्षकाच्या हाती गुणपत्रिकेबरोबर आणखी एक कागद गेला पाहिजे. त्या मुलाला कोणता आवाज सोसत नाही, ‘टाइम प्लीज’साठी तो कोणती खूण करतो, कोणाच्या शेजारी तो निर्धास्त बसतो आणि कोणत्या खेळात तो स्वतःवर राज्य घेतो, एवढे त्यावर लिहिलेले असावे.